दोन बोटं वाढलेला पाय

सभागृह खच्चून भरलं होतं. खुर्च्या संपल्यावर माणसं भिंतींना टेकली, भिंती संपल्यावर पायऱ्यांवर बसली. व्यासपीठावर एका रुंद, मऊ खुर्चीत कंबरदुखीनं बेजार झालेली एक शिक्षिका बसली होती आणि तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर स्पर्शगुरुजी. त्यांनी तिचे दोन्ही पाय बुटांसकट उचलले आणि टाचा एका तळहातावर शेजारी शेजारी धरल्या. मागच्या मोठ्या पडद्यावर फक्त त्या टाचा दिसत होत्या, भोपळ्याएवढ्या. डावी टाच उजवीपेक्षा चांगली दोन बोटं मागे होती.

“कंबर दुखतच नाही हिची,” गुरुजी म्हणाले. “पाय आखूड आहे, म्हणून शरीर रडतंय.”

मग त्यांनी डोळे मिटले, मोकळ्या हाताचा अंगठा हवेत धरला आणि पायाला हुकूम सोडला, “ये.” पडद्यावरची डावी टाच हळूहळू पुढे सरकली आणि उजवीच्या रांगेत येऊन थांबली. सभागृहातून हुंकार उठला. शिक्षिकेच्या डोळ्यांना धार लागली.

यानंतर प्रवचन. मान का दुखते? तिथे मानापमान साठतात. खांदे? दुसऱ्यांची ओझी. पाठ? ज्यांनी ज्यांनी आपल्याकडे पाठ फिरवली, ते सगळे आपल्या पाठीत येऊन बसतात. पोटात पूर्वजांचा राग, टाचेत नशीब. प्रत्येक अवयवाचं मर्दन वेगळं, तेल वेगळं आणि अर्थातच दरही वेगळा. व्यासपीठावरचा चमत्कार फुकट असायचा. मर्दन आतल्या खोलीत व्हायचं. गुडघ्यात काय साठतं ते काही गुरुजींनी सांगितलं नाही, पण आजूबाजूला डोलणाऱ्या माना बघून मला अंदाज आला.

मी भक्त म्हणून आलो नव्हतो. मी गॅरेजमध्ये ट्रक दुरुस्त करतो. काही वर्षांपूर्वी जॅक सटकला आणि एक ट्रक माझ्या उजव्या पायावर बसला. गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. आता तिथे कारखान्यात बनवलेला पाय आहे. वरून पँट आणि बूट चढवले की सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. त्या पायावर मला चालायला शिकवलं ते इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी. त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या, तोंडाला मास्क लावून.

ताईंचा नवरा छापखान्यात मशीन चालवायचा. शिडीवरून पडून त्याचा घोटा मोडला, पायाला प्लास्टर पडलं. प्लास्टर निघालं आणि त्याच पायाची पोटरी सुजली, गरम लागायला लागली. ताई तेव्हा प्रशिक्षणासाठी परगावी होत्या. त्यांनी फोनवर नवऱ्याला बजावलं की पोटरीला कुणाला हात लावू देऊ नकोस, आहे तसा ऊठ आणि इस्पितळात जा. तो निघालाही. पण बरोबर त्याची आई होती आणि आईची गुरुजींवर श्रद्धा. आधी त्यांना दाखवू, इस्पितळ काय पळून जातंय, असं म्हणून तिनं गाडी वाटेतच वळवायला लावली.

आतल्या खोलीत गुरुजींनी ती पोटरी पिळून काढली. तो ओरडत होता. बाहेर रांगेत बसलेल्यांना गुरुजींचा शिष्य समजावत होता की विष बाहेर पडताना असंच होतं. घरी येऊन ताईंचा नवरा खुर्चीत टेकला, पाणी मागितलं, त्याला धाप लागली आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं. पोटरीतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती.

गुरुजी स्वतः भेटायला आले. माणसांनी भरलेल्या घरात ते म्हणाले, “दुखणं मी काढून घेतलं होतं. पण घरातच अविश्वास असला, की ते परत येतं.” आणि त्यांनी ताईंकडे बघितलं.

एवढं पुरलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. एकाच घरात दोन चुली झाल्या. म्हातारी रोज गुरुजींच्या सेवेला जायला लागली, त्यांचं तेल कोमट करून द्यायला. ज्या हातांनी मुलगा नेला, त्या हातांसाठी तेल.

ताई पोलिसांत गेल्या. अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, आपली आखडलेली मान इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाला, मालिश केली म्हणून कुणाला आत टाकू? ती मान दर आठवड्याला कोण चोळतं, हे ताईंना नंतर कळलं.

मग त्या गुरुजींच्या सभांना जायला लागल्या. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसायच्या. समोरून त्यांना दिसलं ते सगळ्यांना दिसत होतं तेच. एकदा मात्र व्यासपीठाच्या अगदी कडेला, बाजूच्या कापडी पडद्याआड उभं राहायला जागा मिळाली, आणि तिथून सगळा प्रकार उघडा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवून तो करून दाखवला. मी हसत सुटलो. ताई हसल्या नाहीत.

“मला लोकांचे डोळे वगैरे उघडायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “मला तो माणूस त्याच्याच व्यासपीठावर, त्याच्याच माणसांसमोर उघडा पडलेला बघायचाय. याला सूड म्हणतात ना? म्हणू देत.”

हे बोलताना त्या माझ्या गुडघ्याभोवतीचे स्नायू मोकळे करत होत्या. बोटांचा दाब जराही वाढला नाही. त्या रागाची मला भीती वाटली ती त्यामुळेच. मी म्हणालो, माझा पाय तुमचा.

तर त्या दिवशी शिक्षिका खाली उतरल्यावर शिष्यांनी विचारलं, आणखी कुणाला त्रास आहे? मी हात वर केला. उजवा गुडघा, म्हणालो. त्यांनी मला वर नेऊन मऊ खुर्चीत बसवलं. गुरुजींनी माझ्या टाचा उचलल्या तेव्हा मनात आलं, वजनावरून कळलं तर? पण लबाड माणसाला समोरच्याच्या पायाकडे बघायला फुरसत नसते. त्याचं सगळं लक्ष गर्दीकडे.

“लहानपणी पडला होतात,” गुरुजी म्हणाले.

पडलो होतो, मी कबूल केलं. न पडता कोण मोठं झालंय? गुरुजींनी सभेला सांगितलं की तेव्हापासून याच्या नडगीचं हाड वाढायचं थांबलंय. पडद्यावर माझी उजवी टाच दोन बोटं मागे होती. त्यांनी अंगठा धरला, “ये” म्हणाले, आणि माझा कारखान्यातला पाय आज्ञाधारकपणे वाढला. टाळ्या पडल्या.

“पावलात ऊब जाणवतेय?” गुरुजींनी विचारलं. “रक्त उतरतंय बघा.”

“अंगठ्यापर्यंत आलं,” मी म्हणालो. “हाड नक्की वाढलं ना, गुरुजी?”

“दोन बोटं.”

मी पँट वर सारली, खटका दाबला, पाय बुटासकट ओढून काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

“मग हा तुम्हीच ठेवून घ्या,” मी म्हणालो. “यात हाडच नाही.”

पडद्यावर गुरुजींच्या मांडीवरचा पाय भलामोठा दिसत होता. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू रांगारांगांतून पुढे आलं.

गुरुजी मुरलेले होते. त्यांनी सांगितलं की वाढला तो माझ्या सूक्ष्म देहाचा पाय. तुम्हाला खोटं वाटेल, पण पुढच्या रांगेतल्या दोन-चार माना तेव्हाही डोलल्या.

तोवर ताई वर आल्या होत्या. त्यांनी मास्क काढला. कॅमेरावाला भाड्यानं आणलेला होता आणि एव्हाना पोट धरून हसत होता. ताईंनी त्याला कॅमेरा मागे घ्यायला सांगितला, माणूस पूर्ण दिसू दे म्हणाल्या. मला आधार देऊन बाजूला बसवलं आणि शिक्षिकेला पुन्हा वर बोलावलं. तिच्या टाचा हातात घेऊन ताईंनी दोन्ही पाय तिच्या उजवीकडे वळवले. या वेळी पडद्यावर पूर्ण बाई दिसत होती, म्हणून पाय वळलेलेही दिसले आणि कंबरही. डावी टाच मागे पडली. पाय मध्ये आणले, टाचा सारख्या. डावीकडे नेले, उजवी मागे.

“कुठला पाय आखूड हवाय ते सांगा,” ताई म्हणाल्या. “पाय कंबरेपासून सुरू होतात. उजवीकडे वळवले की उजवा पुढे सरकतो, डावा मागे राहतो. सरळ केले की झाला चमत्कार. हे गुरुजी हळूच करतात, आणि कॅमेरा तुम्हाला फक्त टाचा दाखवतो.”

शिक्षिकेनं दबक्या आवाजात विचारलं, मग मघाशी माझी कंबर दुखायची थांबली ती कशी?

ताईंनी तिला नीट उत्तर दिलं. विश्वासानं आणि गर्दीच्या भरात दुखणं थोडा वेळ जाणवेनासं होतं, उद्या ते परत येईल. मालिश खोटी नाही, त्या म्हणाल्या, माझाही तोच धंदा आहे. आखडलेले खांदे, ताठरलेली मान, पाठीचे स्नायू मालिशनं मोकळे होतात. पण दाब मणक्याच्या दोन्ही बाजूंना द्यायचा, मणक्यावर नाही. मानेला पुढून जोर लावायचा नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल, तर तिला चोळायचंच नाही, थेट डॉक्टरकडे जायचं.

मग त्या गुरुजींकडे वळल्या. “माझ्या नवऱ्याची पोटरी तशीच होती. तुम्ही ती पिळलीत.”

गुरुजींनी आवाज खाली आणला. सदऱ्याला लावलेला माइक ते विसरले होते. “बाई, सुजलेल्या पोटऱ्या रोज येतात. सगळ्याच दाबतो. आत काय असतं ते मला काय माहीत?”

सभागृहाच्या चारही भिंतींवरून त्यांचाच आवाज परत आला. मला काय माहीत.

व्यासपीठाच्या कडेला सासूबाई तेलाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. वाटी त्यांच्या हातातच होती.

“तुम्ही तर म्हणाला होतात, तो हिच्यामुळे गेला.”

म्हातारीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच हळू आवाजात. गुरुजी उठून मागच्या दाराकडे निघाले, पण तिथे माणसं उभी होती आणि कुणी बाजूला सरकेना. एकानं खुर्ची उचलली. ताईंनी त्याला थांबवलं.

“हात लावू नका. मार खाल्ला तर उद्या तो हुतात्मा होईल. मला तो कोर्टात हवाय.”

कोर्टात तो गेला. कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं, आणि आतल्या खोलीतल्या किंकाळ्या ऐकलेले रांगेतले लोकही साक्षीला उभे राहिले. मान फिरवणाऱ्या अधिकाऱ्याला या वेळी मान खाली घालून तक्रार लिहून घ्यावी लागली. गुठळी आपोआपही सुटू शकते, असं गुरुजींचा वकील म्हणाला. खरं आहे ते, डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं, म्हणूनच तर अशा माणसाला एक क्षणही इस्पितळाबाहेर ठेवायचं नसतं. गुरुजींना शिक्षा झाली.

सासूबाईंनी सुनेची माफी मागितली. ताई म्हणाल्या, वेळ लागेल. अजून लागतोच आहे.

मी ताईंना एकदा विचारलं, आता तरी मन शांत झालं का? त्या म्हणाल्या, “नाही. पण सकाळी डोळे उघडले की तो माणूस कुठे आहे ते मला माहीत असतं. तेवढं बरं वाटतं.”

मी शिकलेला माणूस नाही, भाषण मला जमत नाही. एवढंच सांगतो. अंगाला हात लावणारा कुणीही असो, गुरुजी असो की पांढरा कोट घातलेला, त्याला विचारा, हे तुम्हाला कसं माहीत? ज्याला माहीत असतं तो सांगतो. फार तर कंटाळेल, पण सांगेल. आणि जो रागावतो, विचारणाऱ्याच्या अविश्वासाला दोष देतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.