पडद्याशिवायचा कॉम्प्युटर

वारिजाचा कॉम्प्युटर गुरुवारी दुपारी गेला. नऊ वर्षं इमानानं राबला आणि डॉक्टर शेणॉयांच्या एका पेशंटचं पित्ताशय अर्धंच टाईप झालेलं असताना कायमचा गप्प झाला. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाईप करायचे, हे तिचं काम. पडद्यावर काय काय आहे ते कॉम्प्युटर तिला वाचून दाखवायचा आणि ती बोटांनी पुढचं बटण दाबायची. जन्मापासून दृष्टी नसलेल्या बाईनं घरबसल्या असं कमवावं, याचं शेजाऱ्यापाजाऱ्यांना भारी कौतुक. वारिजाला त्या कौतुकाचा मनापासून कंटाळा आला होता.

तिचा थोरला भाऊ, अण्णा, नुकताच निवृत्त झाला होता. पुढच्या महिन्यात तो मुलाकडं शिमोग्याला कायमचा राहायला जाणार होता, आणि वारिजानंही यावं असा त्याचा हेका होता. ती बंगळूर सोडायला तयार नव्हती. शुक्रवारी जेवताना त्यानं तोडगा काढला.

"उद्या नवा कॉम्प्युटर तू निवड. एकटीनं. मी सोबत येतो, पण तोंडाला कुलूप. एकदा जरी 'अण्णा, बघ रे काय आलंय' म्हणालीस, तर मुकाट्यानं बॅग भरायची."

"आणि मी तसं नाही म्हणाले तर?"

"तर राहा तुझ्या बंगळुरात."

"लिहून देतोस?"

"सांबार वाढ आधी."

शनिवारी सकाळी दोघं एस. पी. रोडवर हालप्पाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात हजर. दुकानदार जुना, स्वभावानं चांगला, पण डोळस माणसांची खोड त्यालाही होतीच. तो बोलत होता अण्णाशी.

"सर, यांना साधा स्वस्तातला देतो. यांना कुठं काय बघायचंय? ऐकायचंच तर आहे."

अण्णानं हूं की चूं केलं नाही. शब्दाला जागला म्हणायचा.

"हालप्पा, इकडं बोला," वारिजा म्हणाली. "घेणार मी आहे. आणि ऐकणाऱ्यालाच मशीन जलद लागतं. बटण दाबल्या दाबल्या आवाज यायला हवा. दर बटणाला अर्धा सेकंद उशीर झाला, तर संध्याकाळपर्यंत माझे चार रिपोर्ट बुडतील. चांगली तीन मशीनं मांडा. पडदा नको."

"पडदा नको? मॅडम, पडद्याशिवाय कॉम्प्युटर म्हणजे..."

"म्हणजे कॉम्प्युटरच. मांडा."

तिनं पिशवीतून स्वतःचा कीबोर्ड, छोटा स्पीकर आणि वाचणारा प्रोग्रॅम भरलेला पेनड्राइव्ह काढला. पहिल्या डब्यावरून हात फिरवला आणि तो बाजूला सारला. चालू करायचं बटण कुठं आहे, ते बोटाला लागतच नव्हतं. नुसती गुळगुळीत काच. दुसरा चालू केला आणि लगेच बंद करायला लावला.

"याच्या पोटात पिठाची गिरणी आहे. या घरघरीत मी डॉक्टरांचं पुटपुटणं ऐकू कशी?"

तिसरा मात्र शांत निघाला. तिनं पेनड्राइव्ह लावला, चार बटणं दाबली, आणि स्पीकरमधून तिच्या सवयीच्या वेगानं आवाज सुरू झाला.

"अरे देवा, बिघडलं की काय?" हालप्पा दचकला. "कुणाशी भांडतंय हे?"

"वाचतंय हो. आत सोळा जीबी मेमरी आहे म्हणतंय. तुम्ही सांगितलीत तेवढीच. शाबास."

हालप्पा खूश झाला आणि खुशीतच त्यानं घोळ घातला. दुकानातला सगळ्यात मोठा पडदा आणून त्यानं डब्याच्या मागं गुपचूप जोडला. किंमत मशीनपेक्षा जास्त, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

वारिजानं बटण दाबलं. काही नाही. स्पीकरची वायर चाचपली, घट्ट होती. वाचणारा प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, तरी काही नाही. पाठीमागं खुर्ची करकरली. अण्णा वाकून बघत होता. बोलण्याआधी तो घेतो तो श्वासही तिला ऐकू आला. तीस वर्षं काही अडलं की ती हाक मारायची आणि तो धावत यायचा. आत्ताही हाक अगदी जिभेवर आली. तिनं ती गिळली आणि हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

आत्तापर्यंत बोलत होतं. मग बदललं काय?

"हालप्पा, तुम्ही आत्ता मागं काही जोडलंत?"

"काही नाही हो. पडदा फक्त. सरांना दिसावं म्हणून."

"त्याला स्पीकर आहेत?"

"नाहीत."

वारिजा खदखदून हसली. "अहो, मशीन माझा आवाज त्या पडद्याकडं पाठवतंय, आणि तो बिचारा मुका! काढा ती वायर."

वायर निघाली. एक क्षण गेला आणि आवाज परत भांडू लागला. वारिजाचा जीव भांड्यात पडला.

"हाच घेते," ती म्हणाली. "पडदा तुम्हालाच लखलाभ."

खोकं घेऊन दोघं कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यापाशी आली, तरी अण्णा गप्पच.

"आता उघड की कुलूप," वारिजा म्हणाली.

"मी बघत होतो गं," अण्णा हळूच म्हणाला. "पडद्यावर सगळं छान दिसत होतं. तू विचारलं असतंस, तर मी 'सगळं ठीक आहे' म्हणालो असतो. काही उपयोग झाला नसता माझा." त्यानं खोकं खाली ठेवलं. "आणि मी इतकी वर्षं समजत होतो, तुझं माझ्यावाचून पान हलत नाही. शिमोग्याला जाऊन मी करू काय, वारिजा?"

कालपासून तिनं जिंकल्यावर मारायचे दोन टोमणे तयार ठेवले होते. त्यातला एकही तोंडातून निघेना. तिनं चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"तुझ्यावाचून मला करमणार नाही रे अण्णा," ती म्हणाली. "पण अडणार नाही."