सुपातला समुद्र

"हितं आठवड्यातून एकदा नळ येतोय, हंडे भरता भरता कंबर मोडून राहिली, अन् हिला समुद्र पायजे म्हणं."

दानम्माअक्का हे तव्यावरच्या भाकरीला सांगत होत्या. मी शेजारी बसून पुढची भाकरी थापत होते. मला ऐकू जावं अशी त्यांची इच्छा नसावी, म्हणून मीही भाकरी गरजेपेक्षा जास्त गोल करत बसले.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांची लेक वर्षाराणी. समुद्रापासून इतक्या लांब, उदगीरला, मत्स्यविज्ञानाचं कॉलेज आहे हे सांगितलं की बाहेरची माणसं हसतात; पण ते आहे, आणि वर्षा तिथे पहिल्या वर्गात पास झाली. तिची पुस्तकं मीही वाचली, पोळपाटाला टेकवून. आता तिला रत्नागिरीकडच्या एका संशोधन केंद्रात नोकरी लागली होती. होड्यांनी धरून आणलेल्या मासळीचं पोट उघडायचं, आत काय सापडतं ते नोंदवायचं, आणि समुद्रात कोण कुणावर जगतं याचा नकाशा करायचा. मंगळवारी हजर व्हायचं होतं. रविवार उजाडला तरी तिचे वडील, माझे भाऊजी मडिवाळप्पा, 'बघू' याच्या पुढे सरकले नव्हते.

आमचं लिंगायताचं घर. मासळी खाणं सोडा, तो शब्दसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत उच्चारत नाहीत. वर्षा उदगीरला होती तोवर पाहुण्यांना 'पाण्याचं शास्त्र शिकते' असं सांगून आम्ही वेळ निभावली. पण नोकरी झाकून ठेवता येत नाही. म्हणून निलंग्याहून रेवणसिद्ध अण्णांना बोलावणं गेलं. अण्णा हे भाऊजींचे थोरले चुलतभाऊ. त्यांनी एकदा 'न्हाई' म्हटलं की आमच्या घरात तो विषय पुन्हा कुणी काढत नाही. वर्षाची नोकरी त्या एका शब्दावर टांगलेली होती.

घरात आणखी एक गोष्ट होती, जिच्यावर कुणीच बोलत नसे. भाऊजींचं लातूरच्या मार्केट यार्डाजवळ कोंबडीखाद्याचं दुकान आहे. पुढे मक्याची आणि सोयापेंडीची पोती, आणि गोदामात अगदी मागच्या भिंतीला, किनाऱ्याकडून ट्रकने येणारी दुसरी पोती. त्यांना आम्ही खारी पेंड म्हणतो. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते रुळलेलं होतं. ती पोती उतरवून झाली की अक्का भाऊजींचा सदरा वेगळ्या बादलीत भिजवत, आणि भाऊजी डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय इष्टलिंग तळहातावर घेत नसत. खाऱ्या पेंडीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे अण्णांचा मुलगा. निलंग्याजवळ त्याची पोल्ट्री आहे. अण्णांच्या घरात अंडं येत नाही; त्यांच्या घरातून ते फक्त जातं.

अण्णा आले, धपाटे खाल्ले, ताक प्यायले आणि मगच विषयाला आले. "त्या जिवांची पोटं फाडायची?" त्यांनी आवाज इतका खाली आणला की जणू भिंतींनाही विटाळ होईल. मग नेहमीचं सगळं झालं. आपल्यावर उपाशी राहायची पाळी आली का, उद्या सोयऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं, लातुरात नोकरीला शाळा-कॉलेजं काय कमी आहेत. अक्का फरशीकडे बघत होत्या. भाऊजी गुडघ्यावरून अंगठा फिरवत होते.

वर्षा रडली नाही, भांडलीही नाही. स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, काकू, सूप द्या, आणि राजगिरा, मोहरी, मूग, हरभरे, थोडे पावटे. मी दिले. मूग तर निवडलेले दिले. अण्णांसमोर खडे कशाला.

तिने सूप अण्णांच्या पुढ्यात ठेवलं आणि आधी राजगिरा पसरला, भरपूर. हे पाण्यावर तरंगणारे, डोळ्याला न दिसणारे हिरवे जीव, उन्हावर वाढणारे. त्यावर मोहरी, म्हणजे ते हिरवं खाणारे बारीक जीव. त्यावर मूग, म्हणजे तारली; ती राजगिराही खाते आणि मोहरीही. मग थोडे हरभरे, तारलीवर जगणारी सुरमई. आणि काठाला मोजकेच पावटे, ते डॉल्फिन आणि मोठमोठ्या मुश्या, म्हणजे शार्क.

अण्णांचा जन्म धान्याच्या अडतीत गेलेला. समोर धान्य आलं की त्यांचा हात आपोआप पुढे होतो. बोटांनी राजगिरा सारत त्यांनी विचारलं की खाली एवढा कशाला. वर्षा म्हणाली, वर एक पावटा जगायला खाली एवढा लागतोच. मग तिने खाडीचं सांगितलं. तिथे जेवण सुरू होतं खारफुटीच्या गळलेल्या पानापासून. पान चिखलात कुजतं, त्यावर खेकडे आणि कोळंबीची पिल्लं वाढतात, आणि ती पिल्लं मोठी होऊन समुद्राला मिळतात. प्रवाळांच्या खडकांत रीत आणखी निराळी. आणि अगदी खोल अंधारात तर वरून झिरपत येणाऱ्या मेलेल्या कणांवरच सगळ्यांचा संसार.

"म्हणजे पंगतच हाय की," अण्णा म्हणाले.

"पंगत न्हाई, मोठे अप्पा. पंगतीत वाढप्याला कुणी खात न्हाई."

अण्णांच्या मिशीखाली काहीतरी हललं. भाऊजी मात्र सुपाकडे एकटक बघत होते.

वर्षाने मग सुपातले मूग मुठीत उचलले, जवळजवळ सगळे. आता हरभऱ्यांनी काय खायचं, तिने विचारलं. पावट्यांनी काय करायचं? खाली राजगिरा भरपूर आहे, पण तो हरभऱ्याच्या तोंडात जात नाही. ही मूठ केवढी असावी, कोणत्या महिन्यात भरावी, हे कुणीतरी पोटं उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. तेच माझं काम, असं ती सरळ, आवाज न चढवता म्हणाली.

अण्णा व्यवहारी माणूस. त्यांनी नेमकं विचारलं.

"पण एवढी मूठ उचलतं कोण? अन् नेतं कुठं?"

अक्कांनी पदर नाकाशी नेला. वर्षाला उत्तर ठाऊक होतं. लहानपणी ती त्याच पोत्यांवर बसून पाढे पाठ करायची. ते एक वाक्य बोलली असती तर अण्णांना पुढे बोलायला जागाच उरली नसती. तिने बापाकडे पाहिलंही नाही. मूठ घट्ट मिटली आणि म्हणाली, "नेतात कुठंतरी."

मी या घरात पुष्कळ शहाणपणाची बोलणी ऐकली आहेत. ते न बोललेलं वाक्य त्या सगळ्यांपेक्षा वजनदार होतं. ते उचलून बाजूला ठेवताना तिने स्वतःची नोकरीही त्याच्यासोबत ठेवून दिली होती, आणि हे भाऊजींना माझ्याइतकंच कळलं.

त्यांनी हात पुढे केला. वर्षाने गोंधळून मूठ उघडली, आणि सगळे मूग त्यांच्या तळहातावर आले.

"माझ्या गोदामात येतात, अण्णा," भाऊजी म्हणाले. "अन् तिथनं तुमच्या पोराच्या शेडात. पोरगी उद्या जाईल, मी सोडायला जातो."

अण्णा काही बोलणार होते. भाऊजींनी तो हात तसाच, उघडा, त्यांच्यासमोर धरला.

"खारी पेंड म्हणजे मासळी हाय. दोन पिढ्या आपण मासळीवरच जेवून राहिलो."