ओढ्याचं वळण

…निळ्या फुलाचा तो टाइलचा तुकडा उत्तराच्या खिडकीत आजही तसाच, साबणाखाली — आणि नको नको म्हणताना अंबादासची नजर तिथेच जाते. दोन वर्षं झाली. मुलुंडच्या डोंगरावर त्या दुपारी ढग फुटावा तसा पाऊस कोसळला, ओढा समोरच्या उत्तराच्या घरात घुसला, तिचं शिलाई मशीन घेऊन गेला आणि गाळात हा तुकडा ठेवून गेला. सगळ्यांनी पावसाला शिव्या घातल्या. अंबादासनेही घातल्या, जरा जास्तच मोठ्याने. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

कारण तुकडा त्याच्याच मोरीचा. मुलाच्या, चैतन्यच्या लग्नाआधी घर नवं केलं, तेव्हा फुटक्या विटा, टाइल्स, सगळं डेब्रिज त्यानेच ओढ्याच्या वळणात लोटलं होतं आणि वर ओटा बांधला होता — झकास ओटा, पन्नास पानं उठली त्यावर… आणि ओढा बिचारा, वळायला जागाच नाही म्हटल्यावर सरळ निघाला, उत्तराच्या दारात.

या एप्रिलमध्ये वस्तीने ओढा मोकळा करायला घेतला, तेव्हा पहिली पहार अंबादासने स्वतःच्या ओट्यावर घातली. म्हाताऱ्याला वेड लागलं, असं लोक म्हणाले. म्हणेनात का. दोन महिने त्याने वळण खणलं, काठाला दगड रचले, माती धरून ठेवायला वाळ्याचं गवत लावलं. पण कशासाठी, ते कुणाला सांगितलं नाही. उत्तराला तर नाहीच.

आणि आज सकाळपासून पुन्हा तसाच पाऊस. पाणी लाल, फुगलेलं, फांद्या ओढत आणणारं… उत्तरा नवं मशीन पलंगावर चढवून दारात उभी, अंबादास तिच्यासमोर काठावर. वळ रे बाबा, वळ, तुझी वाट तुला परत दिलीय ना मी — पाणी काठाला धडकलं, क्षणभर तुंबलं, रचलेले दगड हलले… आणि मग अख्खा ओढा अंग मोडून वळला! जुन्या सवयीने, जणू मधली वर्षं झालीच नाहीत. वस्तीने एकच गलका केला. अंबादासच्या छातीत आनंद असा मावेनासा झाला, की दडवलेलं काही ठेवायला तिथे जागाच उरली नाही.

"उत्तरा," तो म्हणाला, "खिडकीतला तो तुकडा माझ्या मोरीचा आहे."

"ठाऊक आहे, दादा." ती पाण्याकडेच बघत होती. "वहिनी आजारी होत्या तेव्हा त्याच मोरीत भांडी घासलीत मी."

म्हणजे ही दोन वर्षं ती… आपण सांगायची वाट बघत होती? माफ केलं, असं ती म्हणाली नाही. त्यानेही विचारलं नाही. ओटा होता त्या जागी, भर पावसात, तो पाय रोवून उभा राहिला आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने त्या खिडकीकडे सरळ पाहिलं.