मनोजच्या गिटारचे वेढे

तरुणपणी सोमनाथच्या जिभेला हाड नव्हतं, आणि गिटारला तर त्याहून नव्हतं. सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी लेथवर काढायची आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची, असे ते दिवस. पायाशी आवाज फाडणारी डिस्टॉर्शनची पेटी ठेवलेली असायची. तिचं बटण तो पार दहापर्यंत पिळायचा. सूर छेडला की करवत फिरल्यासारखा आवाज यायचा, आणि त्याला तोच हवा असायचा.

दुसरी गिटार मनोजची. हा विंचूरच्या कांदा व्यापाऱ्याचा मुलगा, स्वभावाने गरीब. त्याची गिटार कोरी वाजायची, एकेक तार सुटी ऐकू यायची. सायखेड्याच्या जत्रेत चहा पिताना, सगळ्या वादकांसमोर सोमनाथ म्हणाला होता, "मन्या, गिटार वाजवतो का पत्र्यावर खडे टाकतो?" सगळे हसले. मनोजही हसला.

पुढच्याच आठवड्यात मनोज सातपूरला नियाजच्या दुकानात गेला. नियाजचा धंदा विहिरीवरच्या मोटारी भरायचा, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळायचा. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वेढे वाढले की आवाज जाड होतो. मनोजने वेढे वाढवून घेतले. मग दोन्ही गिटारी गुरगुरायला लागल्या, आणि वर्षाच्या आत मनोजने आपली गिटार ठेवून दिली ती कायमचीच.

या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. कान कधी वळतो ते माणसाला सांगून वळत नाही. लग्न झालं तेव्हा सोमनाथच्या पेटीचं बटण दहावरून सातवर आलं होतं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा चारवर. झणझणीत रस्सा ओरपणारा माणूस पन्नाशीला साध्या वरणाची चव शोधतो, तसं त्याचं झालं. गेल्या दिवाळीत त्याने ती पेटी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. आता त्याला कोरा आवाज हवा होता. महिनाभर त्याने आपल्या गिटारवर तो शोधला. तारा बदलल्या, बटणं फिरवली. जवळपास काहीतरी यायचं, पण ते नव्हे. आणि एका रविवारी, भाजी निवडता निवडता त्याला कळलं की तो शोधतोय तो आवाज मनोजचा आहे. जो त्याने स्वतःच एका वाक्यात मारला होता. हातातली मेथी तशीच राहिली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तो विंचूरला गेला. मनोज आता बापाची गादी चालवत होता. केस गेले होते, पोट आलं होतं. सोमनाथने गिटार मागितली तेव्हा त्याने फक्त विचारलं, "काय करतो तिचं?"

"होती तशी करून आणतो."

"ने. उंदरांनी ठेवली असंल तर."

माफी मागायची म्हणून सोमनाथ गेला होता. ती न मागताच परतला. आधी आवाज परत आणावा, मग तोंड उघडावं, असं त्याने ठरवलं.

नियाजचं दुकान होतं तिथंच होतं. गिटार पाहून तो म्हणाला, "ही तर मनोजभाऊची. जुनी तार तर तेव्हाच भंगारात गेली, सोमनाथभाऊ."

"मग? आधी किती वेढे होते ते कुणाला माहीत?"

नियाजने लोखंडी पेटी उघडली आणि वह्या काढायला सुरुवात केली. मोटार भरणाऱ्यांचा एक दंडक असतो. जळालेली कॉईल उपसताना वेढे मोजायचे, तारेची जाडी मापायची आणि वहीत लिहायचं, मगच नवीन भरायची. ह्या नोंदीला ते डेटा म्हणतात. वह्यांवर तेलाचे डाग होते. कोणाकोणाच्या विहिरी, पिठाच्या गिरण्या आणि पंखे त्यात नांदत होते. सातव्या वहीत, एका पाणबुडी मोटारीच्या नोंदीखाली लिहिलं होतं: मनोज, विंचूर, गिटार. सात हजार एकशे बारा.

"एवढे मोजले तुम्ही?" सोमनाथने विचारलं. "उलटे?"

"दोन दिवस लागले. दोनदा तुटली."

"पण कशाला? त्याला तर वाढवूनच हवे होते."

"मोजल्याशिवाय उपसायची नाही, हे अब्बांनी शिकवलं," नियाज म्हणाला. "माणूस कधी ना कधी परत येतो, म्हणतो पहिल्यासारखी करून दे. मला वाटलं मनोजभाऊ महिन्याभरात येतील."

सोमनाथ त्या आकड्याकडे बघत राहिला. एका माणसाचा आख्खा आवाज पाणबुडी मोटारीखाली, निळ्या शाईत, अठ्ठावीस वर्षं निमूट बसून होता. कुणी विचारायला येईल याची वाट बघत. लेथवर शतांश मिलीमीटर मोजण्यात त्याचा जन्म गेला होता, पण आकड्यापुढे हात जोडावेसे वाटले ते त्याच दिवशी.

नियाजची नजर आता अधू झाली होती. "यंत्र मी फिरवतो, तार तुम्ही धरा," तो म्हणाला. सोमनाथची बोटं लोखंडाला सरावलेली. ती तार बोटांत असूनही जाणवत नव्हती, उजेडात तिरपी धरली तरच दिसायची. जरा जोर लागला की तुटायची. पहिल्यांदा दोन हजारावर तुटली, दुसऱ्यांदा सहा हजारावर. नियाज हूं की चूं न करता सगळी उपसायचा आणि पहिल्यापासून लावायचा. तिसऱ्या रविवारी दुपारी यंत्रावरचा आकडा सात हजार एकशे बारावर थांबला. सोमनाथने कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला. नियाजने मीटर लावून जोडणी तपासली आणि म्हणाला, "वाजवून बघा."

"माझी नाही ती," सोमनाथ म्हणाला.

विंचूरला मनोजच्या ओटीवर छोटा ॲम्प्लिफायर लावला. मनोजने गिटार मांडीवर घेतली, कानाने तारा लावल्या आणि अंगठ्याने एकदा वरून खाली फिरवलं.

सोमनाथच्या अंगावर काटा आला. सहाच्या सहा तारा, सुट्या, कोऱ्या, पाण्यातून तळाचे खडे दिसावेत तशा. हाच तो पत्रा. हाच आवाज तेव्हा शेजारी उभा होता आणि त्याला ऐकू आला नव्हता. डोळे भरून आले ते त्याने लपवले नाहीत.

"मन्या, सायखेड्याला मी जे बोललो..."

"काय बोलला?"

"पत्र्यावर खडे."

मनोजने आठवून पाहिलं. "हां. पण मी त्याच्यामुळं नाय भरून घेतली. मला तुझा आवाज लय आवडायचा. म्हटलं आपलीबी तशी वाजावी. नाय वाजली, म्हणून ठेवून दिली." तो कसनुसा हसला. "अजून मला तुझा तोच आवाज लागतो. तुझी ती पेटी हाय का?"

"माळ्यावर."

"घेऊन ये पुढच्या वेळी."

इतकी वर्षं उलट दिशांनी चालून दोघे एकमेकांच्या जागी येऊन बसले होते, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मनोजने मांडीवरची गिटार उचलून त्याच्या हातात दिली.

"तू वाजव," तो म्हणाला. "माझा आवाज मी कधी समोर बसून ऐकलाच नाय."

तो उठला आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला, पायरीवर जाऊन बसला. सोमनाथने पट्टा गळ्यात अडकवला. सायखेड्याला मनोज वाजवायचा तेच सुरांचं जुनं वळण त्याच्या जाड बोटांनी जपून, सावकाश धरलं. मनोज मान खाली घालून ऐकत होता.

"चांगला होता की रे," शेवटी तो म्हणाला.

सोमनाथ वाजवत राहिला.