शेवटच्या पानावरचं टिंब

“यात कोणी मरत नाय ना गो, रोशनी?”

गीताबाईंनी टेबलावरची कादंबरी उचलून विचारलं. किन्हवलीच्या वाचनालयात आल्या की त्या बाबांना, म्हणजे त्यांच्या नरेंद्रदादांना, हेच विचारायच्या. बाबा गेले, त्यांचा जलदान विधी रविवारी झाला. सोमवारी मी त्यांच्या खुर्चीत बसले.

भातसानगरला धरणावरची नोकरी संपल्यावर बाबांनी अठरा वर्षं हे वाचनालय सांभाळलं. नवी कादंबरी आली की आधी स्वतः वाचायची. वाचता वाचता आपलं झालेलं माणूस तिच्यात मरत असेल, तर शेवटच्या पानावर पेन्सिलीने टिंब द्यायचं. घरात कुणी गेलेल्याला टिंबाचं पुस्तक द्यायचं नाही. मी हसायचे. “साहित्य असं निवडतात का, बाबा?” ते म्हणायचे, “मी माणूस बघून देतो.”

गीताबाईंचा नवरा, बुधाजी, जाऊन चार महिने झाले होते.

मी नव्या कादंबऱ्यांच्या कपाटाशी गेले.

“ही रहस्यकथा न्या. खून आहे, पण पहिल्याच पानावर.”

“तो चालतो. तो कुठं आपल्या वळखीचा असतो! पन वाचलीय ती.”

“ही मंगळावरची?”

“इथं किन्हवलीत पाणी नाय, मंगळावर कुठं जाऊ?”

“मग ही प्रेमाची?”

“या वयात?” त्या ओशाळल्या. “दे. पन मागं बघ आधी.”

मागे टिंब होतं. मी ती परत ठेवली.

“हीच दे ना,” हातातली कादंबरी पुढे करत त्या म्हणाल्या. “नरेंद्रदादा बोललेले, वाचून तुमाला देतो.”

मी उघडली. पान एकशे बारावर शहापूरच्या एसटीचं तिकीट होतं. शेवटच्या पानावर टिंब नव्हतं.

“बाबांची अर्धीच झालीय.”

गीताबाई बाकावर बसल्या. “मग तू वाच पुढं. माजी गाडी चारला हाय.”

त्या पिशवीतल्या वालाच्या शेंगा सोलू लागल्या. मी एकशे बारापासून वाचू लागले. कोण कुणाचं कोण, कळेना. एक खोकणारा म्हातारा तेवढा लक्षात राहिला. प्रत्येक पान उलटून आधी त्यालाच शोधत होते. शेवटच्या पानावर तो ओट्यावर बसून चहाची वाट बघत होता.

“मेला?”

“नाही.”

“मग दे.”

बाबांनी टोक करून ठेवलेली पेन्सिल मी उचलली नाही. तिकीट पुन्हा एकशे बाराव्या पानात ठेवलं आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.