मी पाण्यात विरघळत नाही, म्हणून

मी बेरियम कार्बोनेट. बरणीतली पांढरी भुकटी. कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावर नाव होतं, 'विष' असा शिक्काही होता. मालाच्या गर्दीत चुकून या एक्स-रे केंद्रात उतरले आणि सफाईच्या ओल्या फडक्याने माझं लेबल निघालं.

आमच्या घराण्यातल्या सल्फेटांची एक रीत आहे. मॅग्नेशियमचं सल्फेट पाण्यात चटकन विरघळतं, कॅल्शियमचं जेमतेम, स्ट्रॉन्शियमचं त्याहून कमी आणि बेरियमचं जवळजवळ नाहीच. म्हणून तर पोटाच्या एक्स-रेआधी, आतडी फोटोत पांढरी उठून दिसावीत यासाठी, बेरियम सल्फेट बिनधास्त पाजतात. ते आलं तसं निघून जातं. पाण्यात मीही विरघळत नाही. पण आम्लात मात्र विरघळते, आणि माणसाच्या पोटात आम्ल असतं.

त्या दिवशी पोटदुखीने बेजार झालेले एक शिंपीकाका मुलीला घेऊन आले. सल्फेटचा डबा रिकामा निघाला. तंत्रज्ञाने मला उचललं.

"सिस्टर, याला नावच नाही हो."

"पाण्यात टाकून बघा ना. विरघळलं नाही तर आपलंच."

त्याने चमचाभर ढवळलं. मी मुकाट तळाशी बसले. दुसरं काय करणार होते?

"बसलं खाली! आपलंच आहे."

शिंपीकाकांनी पेला नाकाशी नेला. "काय हो, आतून भिंती रंगवताय की काय माझ्या?"

"बाबा, पुरे झाली चेष्टा. नाक दाबा आणि प्या."

ते प्यायले. मला तोंड असतं तर ओरडले असते.

थोड्याच वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या. मग हात उचलवेना. धावत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बरणीतल्या भुकटीवर आम्लाचा थेंब टाकला. मी फसफसले.

"अरे, हे कार्बोनेट आहे! मॅग्नेशियम सल्फेट आणा, पळा!"

ते आलं. पोटात उरलेल्या मला त्याने गाठलं, न विरघळणारं सल्फेट करून टाकलं. पण जी मी रक्तात उतरले होते, ती कुणाच्या हाती लागणार? संध्याकाळपर्यंत काकांचं हृदय थांबलं.

तंत्रज्ञ पुनःपुन्हा म्हणत होता, "पाण्यात विरघळलं नव्हतं हो, ताई."

"माझ्या बाबांच्या पोटात नुसतं पाणी होतं का?" मुलीने विचारलं.

आता मी कुलपात, पुरावा म्हणून. एवढंच मागते: बिननावाची पांढरी भुकटी हाती आली, तर अंदाज बांधू नका. सरळ टाकून द्या. आमचं काहीच बिघडत नाही हो.