टोपीकरांचं जहाज

गोलंदाजाच्या पायाखालची चकती एका कडेला तीन पूर्णांक एक दशांश मिलिमीटर जाड होती आणि समोरच्या कडेला दोन पूर्णांक आठ. निशिगंधाने ती तीनदा मोजली. व्हर्नियरचे जबडे रुमालाने पुसून चौथ्यांदा मोजली. आकडा तोच आला. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसण्यासारखा नव्हता. पण टेबलावर उभा केला की कथलाचा तो बोटभर उंचीचा गोलंदाज किंचित मागे रेलायचा, मागून कोणी हाक मारल्यासारखा.

अकरा वर्षांत रहिमानचाचांच्या हातची चकती दोन शतांशांच्या बाहेर गेलेली तिने पाहिली नव्हती. तिने गोलंदाज पुन्हा त्याच्या तोफेशेजारी ठेवला आणि डबा बंद केला. कोणाला काही बोलली नाही.

निशिगंधा चाकणच्या एका कंपनीत मापन प्रयोगशाळा सांभाळायची. रहिमानचाचांचं वर्कशॉप आकुर्डीत. खाली धातू कातायचा लेथ, वर पत्र्याची खोली. चाचा कंपन्यांना गेज बनवून द्यायचे. गेज म्हणजे एक पोलादी माप; जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला सुटा भाग, त्यात बसला तर पास, नाही बसला तर बाद. अकरा वर्षांपूर्वी चाचांचं एक गेज चार मायक्रॉनने चुकलंय असं सांगायला ती स्वतः आली होती. चाचांनी वाद घातला नाही. गेज थंड होऊ दिलं, पुन्हा मोजलं, म्हणाले, "बरोबर आहे बेटा तुझं," आणि चहा मागवला. तो चहा प्यायला वरच्या खोलीत गेल्यावर तिला ते टेबल दिसलं.

आठ बाय चारच्या प्लायवूडवर निळ्या रंगाची खाडी होती, फाउंड्रीच्या वाळूचा किनारा, थर्माकोलचा डोंगर आणि वर किल्ला. काळ साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. खाडीच्या तोंडाशी टोपीकरांनी, म्हणजे समुद्रापलीकडून व्यापाराला आलेल्या गोऱ्यांनी, नुकतीच वखार घातलेली. एका खेळाडूकडे वखार, दुसऱ्याकडे किल्ला. फासे टाकायचे आणि दहा फेऱ्यांत निकाल लावायचा. चाचा मोडीतलं कथील वितळवून सैनिक ओतायचे आणि त्यांच्या पायाखालच्या चकत्या हाताने, कानशीने घासून सपाट करायचे. त्यांचा मुलगा तौफिक ते रंगवायचा. आणि गणराज नावाचा, लातूरकडून आलेला, कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा गडी बाहेरची नियमपुस्तकं शोधून आणायचा.

त्यातल्याच एका पुस्तकाने निशिगंधाला या टेबलाशी बांधलं. अशा खेळात प्रत्येक सैन्याची एक यादी असते: कोणत्या प्रकारचे शिपाई, किती, आणि एकेकाचे गुण किती. दोन्ही बाजूंनी पाचशे गुणांत आपलं सैन्य बसवायचं. त्या पुस्तकात टोपीकरांच्या चार वेगवेगळ्या याद्या होत्या आणि सुरतेपासून कालिकतपर्यंतच्या बाकी सगळ्यांची मिळून एकच: देशी फौज, सोबत एक हत्ती, धीर कमी. निशिगंधाने ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, हा धीर कोणी मोजला आणि कशाने? पुस्तकात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून याद्या ती लिहू लागली. किल्ल्याच्या शिबंदीची वेगळी, सिद्दीच्या आरमाराची वेगळी, बंदराच्या देसायांची वेगळी. एकेका तोडेदार बंदुकीचे गुण ठरवायला ती महिना घ्यायची.

वरच्या खोलीत एक रीत होती, चाचांनी घालून दिलेली. ज्याने यादी लिहिली, त्याने पहिले आठ डाव त्या यादीच्या विरुद्ध बसायचं. गेज बनवणाऱ्याने आपलाच जॉब आपल्याच गेजने पास करायचा नसतो, तशीच ही. यादीत लाड केले असतील तर ते समोरून खेळताना अंगावर येतात.

या वर्षी निशिगंधाने टोपीकरांच्या वखारीची यादी नव्याने लिहिली होती. यादीत वखारीचा मुख्य, दुभाषी, बंदूकबाज, हमाल, मालाच्या गाठी आणि एक जड तोफ होती. शिवाय खाडीत उभं असलेलं एक जहाज, चाळीस गुणांचं. जहाज लढायचं नाही. पण वखारवाल्याला वाटलं तर कोणत्याही फेरीअखेर माणसं आणि गाठी घेऊन ते निघू शकायचं. तोफ तेवढी नेता यायची नाही. ती एकदा किनाऱ्यावर रोवली की रोवली.

ही यादी चाचा खेळत होते आणि समोर किल्ल्याच्या बाजूने निशिगंधा. सात डाव झाले. सातही बरोबरीत सुटले.

चाचा करायचे काय, तर अर्ध्या गाठी जहाजावर चढवायचे आणि अर्ध्या वखारीत ठेवायचे. निशिगंधाने वखारीवर चाल केली की एक पाय जहाजावर. तिने माघार घेतली की पुन्हा किनाऱ्यावर. जहाज सतत निघायच्या बेतात असायचं आणि निघायचं मात्र नाही. दहाव्या फेरीला दोघांचे सैनिक एकमेकांकडे बघत उभे.

"चाचा, तुमी नुस्तं जहाजाला हात लावून बसायलाव," गणराज सातव्या डावाला म्हणाला. "ह्याच्यापेक्षा आमची कंपनीतली मीटिंग बरी. तिथं निदान बिस्किट तरी मिळतंय."

चाचा हसले. तौफिक हसला नाही. तो खाली लेथकडे जाणाऱ्या जिन्याकडे बघत राहिला.

तौफिकचं दुखणं निशिगंधाला ठाऊक होतं. वर्कशॉपचं बहुतेक काम आता चाकणच्या कंपन्यांचं होतं. आकुर्डीहून गेज घेऊन निघालं की तळवड्याच्या चौकात तास-दीड तास मोडायचा. कंपनीने एवढीशी दुरुस्ती सांगितली की तेवढाच वेळ परत. दोन जुनी गिऱ्हाइकं त्यापायी गेली. तिसरं, सगळ्यांत मोठं, स्पष्टच बोललं होतं: जवळ या, नाहीतर आम्ही दुसरा बघतो. तौफिकने निघोजेत एक गाळा बघून ठेवला होता, कंपनीच्या गेटपासून दहा मिनिटांवर. गाळा छोटा. तिथे प्रोग्रॅमवर चालणारं नवं मशीन बसणार होतं. जुन्या लेथला जागा नव्हती.

गेलं वर्षभर तौफिक विचारत होता आणि चाचा म्हणत होते, "बघू." नाही म्हणाले असते तर त्याने भांडण तरी केलं असतं. गाळेवाल्याने आता येत्या रविवारी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. सोमवारी तो दुसऱ्याला चावी देणार होता.

"ताई, तुमचं ऐकतात ते," तौफिक निशिगंधाला एकदा म्हणाला होता. तिने सांगितलं की तिला मोजता येतं, समजूत घालता येत नाही. हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. चाचा एकदा लेथच्या बेडवर तेलाचं फडकं फिरवताना तिला म्हणाले होते, "तिथं मी काय करू? स्टूल टाकून मशीनकडे बघत बसू?" तिने तेव्हा विषय बदलला होता. आणि आता ती चकती. तो आकडा तौफिकला सांगितला असता तर वाद त्या क्षणी संपला असता. पण चाचांच्या हाताबद्दलची गोष्ट चाचांच्या आधी दुसऱ्या कोणाला सांगणं तिला जमलं नसतं.

यादीचं मात्र काहीतरी करायला हवं होतं. तिने जहाजाचे गुण साठ केले, मग ऐंशी केले, कागदावर डाव मांडून पाहिले. उत्तर बरोबरीच. शेवटी बुधवारी कॅन्टीनमध्ये, जेवताना, तिने प्रयोगशाळेतल्या मिनलपुढे खाडीचा नकाशा सरकवला. मिनल गुहागरकडची. तिने नकाशा बघितला, सोलकढीचा घोट घेतला आणि विचारलं, "तुमच्या खाडीला ओहोटी नाही का गं?"

निशिगंधाने नकाशा परत आपल्याकडे ओढला. अकरा वर्षं ते सगळे त्या निळ्या रंगाभोवती बसत होते. चाचा आकुर्डीचे, गणराज लातूरचा, ती स्वतः चिंचवडमध्ये वाढलेली. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही की खाडीतलं पाणी जातं, आणि ते गेलं की एवढं मोठं जहाज चिखलात बसतं.

शनिवारी तिने नियम लिहिला. सहाव्या फेरीच्या सुरुवातीला ओहोटी लागते. वखारीच्या खेळाडूने फासे उचलण्याआधी जहाज निघणार की राहणार हे मोठ्याने सांगावं. निघालं तर माणसं आणि गाठी वाचतील, तोफ आणि वखार जातील. राहिलं तर डाव संपेपर्यंत हलणार नाही. एकदा सांगितलेलं बदलता येणार नाही.

रविवारी सकाळी आठव्या डावाला बसण्याआधी तिने तो वाचून दाखवला. गणराज कपाळावर हात मारून म्हणाला, "आमच्याकडं पाणी टँकरनं येतंय ताई. भरती-ओहोटी आमाला कुठून ठाऊक?" चाचाही हसले. तौफिक मात्र निशिगंधाकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत आभार होते.

तेव्हा तिला कळलं की आपण काय लिहून आणलंय. शनिवारभर तिने फक्त पाण्याचा विचार केला होता. आज चाचांनीही निघायचं की राहायचं ते सांगून टाकावं, हा दुसरा अर्थ तिच्या मनात आला नव्हता, निदान तिला तसं वाटत होतं. तिने कागद घडी करून वहीत घातला.

"चाचा, नियम अजून कच्चा आहे," ती म्हणाली. "आज जुन्यासारखंच खेळू."

"का?" चाचा म्हणाले. "आज ओहोटी नाही?"

त्यांनी हात पुढे केला. तिला कागद द्यावा लागला. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी तो सावकाश वाचला आणि टेबलाच्या कडेला, आपल्या बाजूला ठेवला.

पहिल्या पाच फेऱ्या नेहमीसारख्या गेल्या. निशिगंधाची शिबंदी डोंगर उतरून आली. चाचांनी अर्ध्या गाठी चढवल्या, तोफ किनाऱ्यावर रोवली, मुख्याला आणि दुभाष्याला वखारीच्या दारात उभं केलं. चौथ्या फेरीत त्यांचे फासे चांगले पडले आणि तिचे सहा बंदूकबाज गेले. ती मुद्दाम हलकं खेळली नाही. हलकं खेळलेलं चाचांना लगेच समजायचं.

"सहावी," तौफिक म्हणाला. फेऱ्या मोजायचं काम त्याचं होतं.

चाचांनी फासे उचलले नाहीत. खाली रस्त्यावर एक टेम्पो भोंगा वाजवत मागे येत होता, बराच वेळ.

चाचांनी तोफेशेजारचा गोलंदाज दोन बोटांत उचलला. टेबलावर सपाट जागी ठेवला. तो मागे रेलला. त्यांनी तो फिरवून ठेवला, तसाच रेलला.

"मोजलंस ना?" त्यांनी निशिगंधाला विचारलं.

"हो."

"किती?"

"तीन दशांश."

चाचांनी मान हलवली. "मला वाटलं होतं दोन असेल." त्यांनी उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि सगळे त्या हाताकडे बघू लागले. अंगठ्याशेजारचं बोट आपोआप, अगदी बारीक, हलत होतं. "बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"आणि ह्याला?" त्यांनी तौफिककडे मान वळवली.

"त्यालाही सांगितलं नाही."

तौफिक वडिलांच्या हाताकडेच बघत होता. "अब्बा, कधीपासून?" त्याने विचारलं. चाचा म्हणाले की रमजानच्या आधीपासून, आणि सकाळी कमी असतं. वर्षभर तौफिक ज्याला बापाचा हट्ट समजत होता, तो हट्ट नव्हताच.

"बेटा," चाचा निशिगंधाला म्हणाले, "प्रोग्रॅमवाल्या मशीनचा जॉब बाहेर आला की तो कोण मोजतं?"

"मोजणारा माणूस लागतोच," ती म्हणाली. मग तिला वाटलं, हे धीर देण्यासाठी बोलल्यासारखं होईल. म्हणून तिने नीट सांगितलं. "गेज बाद करायला लागतो तो. मशीन आपलं काम बाद करत नाही. आमच्याकडे येणाऱ्या दहांतली चार गेजं परत जातात, कारण पाठवण्याआधी ती कोणी बाद केलेली नसतात. हात हलला तरी चालतं त्याला. डायलवरचा आकडा वाचता यायला हवा, आणि नाही म्हणता यायला हवं."

"'नाही'चं ठाऊक नाही, 'बघू' म्हणायला तर चाचा एक नंबर," गणराज हळूच म्हणाला, आणि तौफिकला एवढ्यातही हसू फुटलं.

चाचा हसले नाहीत. त्यांनी गोलंदाजाला पुन्हा तोफेशी ठेवला, नेमका त्याच जागी. मग एकेक करून वखारीचा मुख्य, दुभाषी, बंदूकबाज आणि हमाल उचलून जहाजावर मांडले. शेवटी थोडं थांबून गोलंदाजालाही उचललं आणि जहाजावर, कठड्याला टेकवून, उभं केलं. किनाऱ्यावर तोफ एकटी राहिली.

"निघणार?" तौफिकने पेन हातात घेऊन विचारलं. "नियमात आहे अब्बा, मोठ्याने सांगायचं."

चाचांनी त्याच्या वहीवर हात ठेवला, तोच, हलणारा.

"डाव मागून लिही," ते म्हणाले. "आधी निघोजेवाल्याला फोन लाव. सांग, गाळा आपण घेतोय. लेथ इथंच सोडायचा. मी येतोय."